तिघांचा रस्ता, दोघांचे दिवे: समोरासमोर आलेल्या हेडलाइटचे एक प्रकरण

रात्री समोरून डोळ्यांवर येणाऱ्या झोताबद्दल बोलताना आपण दोनच माणसे धरतो: एक त्रास देणारा, एक त्रास सोसणारा. या प्रकरणात तिसरा माणूस आहे, आणि जिवावर बेतले ते त्याच्या. प्रसंग अभ्यासासाठी रचलेला आहे. त्यातले अंतर, वेग आणि वेळ यांचे गणित मात्र कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल. इथे कोणी दारू प्यायलेले नाही, कोणाला डुलकी लागलेली नाही, कोणी वेगमर्यादा ओलांडलेली नाही. दोन्ही चालकांना आपण बरोबर वागलो असेच वाटत होते. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखे आहे.

प्रसंग

रस्ता सरळ, कोरडा आणि दुपदरी. प्रत्येक बाजूला साडेतीन मीटर रुंदीची एक लेन. दुभाजक नाही, पथदिवे नाहीत, चंद्रही नाही. कडेला सलग पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे खडबडीत मातीची अरुंद पट्टी. परवानगी असलेला वेग ताशी ८० किलोमीटर.

पहिल्या गाडीत पाच जण आहेत. चालक ६२ वर्षांचे, हात मुरलेला, चष्म्याचा नंबर नुकताच तपासून घेतलेला. शेजारी त्यांची मुलगी, मागे तिघे, डिकी सामानाने गच्च. गाडीचे दिवे हॅलोजनचे, जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंचीवर. दुसऱ्या गाडीत तिशीतला एकटा चालक. दोघेही ताशी ८० किलोमीटरने येत आहेत. म्हणजे प्रत्येक जण सेकंदाला सुमारे २२ मीटर पुढे सरकतो आणि दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे ४४ मीटरने घटते.

तिसरा माणूस पायी आहे. सायकलची साखळी तुटल्यामुळे तो ती ढकलत, पहिल्या गाडीच्याच दिशेने, कडेच्या रेघेवरून चालला आहे. मातीत चाक रुतते म्हणून रेघेवरून. अंगात गडद शर्ट, मागच्या मडगार्डवरचा रिफ्लेक्टर धुळीने माखलेला.

दोन्ही गाड्यांना एकमेकींचे दिवे दिसले तेव्हा दोघांचाही हाय बीम, म्हणजे लांब जाणारा वरचा झोत, लागलेला होता, आणि त्यात काहीच गैर नव्हते. सुमारे ३०० मीटरवर ज्येष्ठ चालकांनी लाइट पाडला, म्हणजे हाय बीम सोडून खाली झुकलेल्या लो बीमवर आणला. २५० मीटरवर तरुणानेही पाडला. इथपर्यंत सगळे रीतसर. पण तरुणाच्या डोळ्यांवर येणारा झोत कमी झालाच नाही. त्याने एकदा अप्पर मारून, म्हणजे हाय बीम क्षणभर चमकवून, खूण केली. समोरून काही बदल नाही. दोघांत २०० मीटर उरले असताना त्याने हाय बीम लावला आणि तसाच ठेवला.

आता गाड्या एकमेकींना ओलांडायला साडेचार सेकंद होते. सायकलवाला माणूस पहिल्या गाडीच्या पुढे १२० मीटरवर होता. ज्येष्ठ चालकांनी पायाखालचा ॲक्सिलरेटर तसाच ठेवला, डोळे बारीक केले आणि समोरची गाडी नेमकी किती आत आहे ते पाहण्यासाठी नजर उजेडाकडेच लावली. माणूस ४० मीटरवर आला तेव्हा शेजारी बसलेली मुलगी ओरडली, “बाबा, माणूस!” त्यांना काही दिसलेले नव्हते, त्यांनी आवाजावर विश्वास ठेवून ब्रेक दाबला. ब्रेक प्रत्यक्ष लागेपर्यंत जेमतेम सात मीटर उरले होते. तोवर समोरची गाडी निघून गेली होती, म्हणून स्टीअरिंग थोडे मधल्या रेघेकडे वळवता आले. बाजूचा आरसा सायकलच्या हँडलला घासला. सायकल रस्त्यावर आडवी झाली, माणूस मातीत कोलमडला आणि वाचला.

तरुण चालक तोवर बराच पुढे गेला होता. आपल्यामागे काय झाले हे त्याला कळले नाही. कळण्याचा काही मार्गच नव्हता.

पाडलेला लाइट वरच कसा राहिला

तरुणाची खात्री होती की समोरच्याने लाइट पाडलेलाच नाही. ज्येष्ठ चालकांची खात्री होती की आपण पाडला आहे. दोघेही आपापल्या जागी खरे होते, आणि या प्रकरणाची गाठ इथेच आहे.

लो बीमचा झोत सपाट नसतो. त्याला वरून एक स्पष्ट कापलेली कड असते. कडेच्या खाली भरपूर उजेड, वर अगदी थोडा. आपल्या बाजूच्या कडेकडे ती रेषा थोडी उचललेली असते, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत झोत जाऊ नये. ही कड साधारण एक टक्का खाली झुकवून बसवलेली असते: दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर. ६५ सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची कड अशा हिशेबाने ६५ मीटरवर रस्त्याला टेकते.

आता मागे तीन माणसे आणि भरलेली डिकी. गाडीचा मागचा भाग दबला, नाक वर आले. समजा एकच अंशाने. एक अंश म्हणजे पावणेदोन टक्के. एक टक्का खाली असलेली कड आता पाऊण टक्का वर झाली. समोरच्या मोटारीतल्या चालकाचे डोळे जमिनीपासून सुमारे ११५ सेंटिमीटरवर असतात. गणित केले तर दोघांत ६७ मीटरपेक्षा जास्त अंतर असेपर्यंत त्याचे डोळे झोताच्या आत राहतात. लाइट पाडलेला असूनही! ६७ मीटरच्या आत गाडी आली की झोत त्याच्या डोळ्यांवरून सरकतो. म्हणजे तरुणाने लाइट पाडल्यापासून त्याला जेमतेम चार सेकंद सोसायचे होते. हे त्याला माहीत असण्याचे कारण नाही. पण पहिल्या गाडीत याचा उपाय हाताशी होता. हॅलोजन दिव्यांच्या असंख्य गाड्यांत डॅशबोर्डवर दिव्याचे चिन्ह आणि ०, १, २, ३ असे आकडे असलेले एक लहानसे चाक असते. फक्त पुढच्या सीटवर माणसे असतील तर ०, गाडी भरत जाईल तसा आकडा वाढवायचा आणि झोत खाली आणायचा. कोणत्या ओझ्याला कोणता आकडा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पहिल्या गाडीतले ते चाक ० वरच होते. ते कशासाठी आहे हे वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते, आणि याची मला खरोखर खंत वाटते. टायरमधली हवा आपण निघताना पाहतो, दिव्यांचा कोन पाहत नाही.

बाजारातून आणून बसवलेले जास्त प्रखर बल्ब हे या प्रकरणाचे कारण नव्हते, पण त्याबद्दल दोन ओळी लिहाव्याच लागतील. एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात आणि लो बीमच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. झोताची वरची कड त्या वाटीमुळे तयार होते. मागचा परावर्तक त्या तारेची जागा मिलिमीटरच्या हिशेबात धरून घडवलेला असतो. त्यात एलईडी किंवा झेनॉनचा बल्ब बसवला की प्रकाशाचा उगम त्या जागेवरून हलतो आणि कडच मोडते. चालकाला समोर पांढराशुभ्र उजेड दिसतो, त्याला वाटते काम झाले. प्रत्यक्षात तो उजेड जवळच्या रस्त्यावर आणि समोरच्यांच्या डोळ्यांत सांडलेला असतो.

डोळ्यात पसरणारा पडदा

ज्येष्ठ चालकांना माणूस का दिसला नाही? माणूस उजेडाच्या शेजारी होता, उजेडासमोर नव्हता. समोर असता तर निदान काळी आकृती दिसली असती.

तीव्र उजेड डोळ्यात शिरला की बुबुळ, भिंग आणि आतला द्रव यांत तो थोडा विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर धुक्यासारखा पातळ पांढरा थर पसरवतो. काळा शर्ट आणि काळा रस्ता यांत मुळातच फरक थोडा. त्यावर हा थर आला की तो थोडा फरकही पुसला जातो. या थराची दाटी मोजायचे सूत्र आहे, स्टाइल्स आणि हॉलाडे या संशोधकांच्या नावाचे, आणि त्यात पुढे वयाचीही भर घातली गेली. त्यातून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही या प्रकरणाला लागू पडतात.

पहिली, कोनाची. आपण जिथे पाहतो आणि दिवा जिथे आहे, या दोन दिशांमधला कोन दुप्पट झाला तर पडदा चौथ्या हिश्शावर येतो. समोरची गाडी १०० मीटरवर असताना, लेनमधले साडेतीन मीटर अंतर धरले, तर सरळ पाहणाऱ्या चालकासाठी हा कोन साधारण २ अंश असतो. त्याच क्षणी नजर आपल्या बाजूच्या कडेच्या रेघेवर, पन्नास मीटर पुढे नेली, तर कोन ४ अंशांच्या आसपास जातो. “झोत आला की कडेची रेघ धरा” हा जुना सल्ला यामुळेच खरा आहे. मुलगी कडेकडे पाहत होती. तिचे डोळे वडिलांपेक्षा तरुण होते हे खरे, पण ती योग्य ठिकाणी पाहत होती हे जास्त महत्त्वाचे.

दुसरी, वयाची. या सूत्रात वयामुळे होणारी वाढ वयाच्या चौथ्या घाताने येते. सत्तरीच्या माणसाच्या डोळ्यात तोच उजेड जवळजवळ दुप्पट दाट पडदा तयार करतो. ६२ आणि ३० या वयांची तुलना केली तर ज्येष्ठ चालकांचा पडदा तरुणापेक्षा दीडपटीहून थोडा जास्त निघतो. चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी हे टळत नाही. तरुणाला “थोडा त्रास होईल, चालेल” इतका वाटणारा उजेड समोरच्या डोळ्यांत त्याच्या दीडपट होऊन उतरतो, हे त्याच्या कल्पनेत नव्हते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा सांगितली जात नाही. गाडी निम्म्या अंतरावर आली की डोळ्यांवर पडणारा उजेड चौपट होतो. पण त्याच वेळी सरळ पाहणाऱ्याचा कोनही दुप्पट होतो, म्हणून पडदा चौथ्या हिश्शावर यायला हवा. दोन्ही एकमेकांना फेडतात. दिव्याची तीव्रता तीच धरली तर २०० मीटरवरचा पडदा आणि १०० मीटरवरचा पडदा जवळपास सारखाच दाट असतो. त्रास गाडी जवळ आल्यावर सुरू होतो असे आपल्याला वाटते. दिसणे मात्र त्याच्या कितीतरी आधी बंद झालेले असते. “अजून लांब आहे, जवळ आली की पाडू” या हिशेबाला काहीच आधार उरत नाही.

यावर आणखी एक थर होता: पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला साचलेला चिकट पातळ लेप. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरचा दिवा त्यावर पसरून तारेसारखा फाटतो. काच बाहेरून वायपर पुसतो, आतून पुसायला आपला हातच लागतो. रात्रीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पिवळ्या चष्म्यांवर या बाबतीत भिस्त ठेवू नये. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’ या नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, समोरून झोत असताना पादचारी ओळखायला अशा चष्म्यांची मदत झाल्याचे आढळले नाही.

झोत निघून गेल्यावरही डोळा लगेच पूर्ववत होत नाही. काळोखाला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. रस्त्यापुरते भान यायलाही काही सेकंद जातात. माणूस गाड्या भेटल्या त्या जागेपासून फक्त २० मीटर पुढे होता, म्हणजे एका सेकंदाहून कमी.

एकदा मारलेला अप्पर

तरुणाने खूण केली ती योग्यच होती. एकदा, थोडक्यात, लांबून. अडचण अशी की अप्पर-डिपरला एकच ठरलेला अर्थ नाही. कुठे तो “तुम्ही या” म्हणून मारतात, कुठे “मी येतोय, थांबा” म्हणून, कुठे पुढे काही धोका आहे म्हणून. ब्रिटनचा हायवे कोड, म्हणजे तिथली वाहतूक नियमांची पुस्तिका, तर सांगतो की हेडलाइट चमकवायचा तो फक्त आपण इथे आहोत हे कळवण्यासाठी, दुसऱ्या कशासाठीही नाही. ज्येष्ठ चालकांना वाटले, पुढे रस्त्यात काही आहे. म्हणून त्यांनी जास्त निरखून समोर पाहायला सुरुवात केली. समोर म्हणजे झोतात. खुणेने त्यांची नजर नेमकी नको तिथे नेली.

त्यांनी काय करायला हवे होते? समोरून कोणी लाइट मारला की आधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा. अर्थ कोणताही असो, वेग कमी झाल्याने कोणाचे बिघडत नाही. मग डॅशबोर्डवर निळा दिवा पेटला आहे का ते पाहावे. हाय बीमची खूण सगळीकडे निळीच असते. निळा नाही, तरी समोरच्याला त्रास होतो आहे, तर ओझे आणि ते आकड्यांचे चाक आठवावे. हे सगळे दीड-दोन सेकंदांत होते, सवय असेल तर.

आता तरुणाचे दुसरे पाऊल, हाय बीम लावून ठेवण्याचे. इथे मी सौम्य शब्द वापरणार नाही. एकमेकांकडे सेकंदाला ४४ मीटरने धावणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकाला दिसत नाही हे कळल्यावर दुसऱ्याचेही डोळे बंद करणे, यात धडा शिकवण्यासारखे काहीच नाही. ज्याला दिसत नाही तो माणूस आपल्यापासून एका लेनच्या अंतरावरून जाणार असतो. तो मधल्या रेघेवर आला तर पहिला धक्का आपल्यालाच. रागात हे सुचत नाही, म्हणून ते आधीच ठरवून ठेवावे लागते: समोरच्याने लाइट पाडला नाही तरी माझा खालीच राहील.

वेग कोणीच कमी केला नाही

इतके सगळे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. समजा झोत नसताच. समजा दोघांचेही लो बीम बरोबर खाली होते. तरी ज्येष्ठ चालक वेळेत थांबू शकले असते का?

नाही. गडद कपड्यांतला माणूस लो बीममध्ये बहुधा ५० मीटरच्या आतच ध्यानात येतो. इथे तो ४० मीटरवर दिसला असे धरू. ताशी ८० किलोमीटरला, प्रतिक्रियेचा दीड सेकंद आणि कोरड्या रस्त्यावरचा चांगला ब्रेक धरून, गाडी थांबायला सुमारे ६९ मीटर लागतात. त्यातले ३३ मीटर तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतात. ४० मीटरवर दिसलेल्या माणसापाशी ती गाडी पोचते तेव्हा वेग अजून ७० च्या वर असतो. ताशी ६० ला थांबण्याचे अंतर ४५ मीटर, आणि माणसापाशी पोचताना वेग ३० च्या आसपास. ताशी ५० ला ३५ मीटर. गाडी माणसाच्या पाच मीटर अलीकडे उभी.

हाय बीमवर १०० मीटर आणि त्याहून पुढचे दिसत असताना ८० चा वेग झेपतो. लाइट पाडला त्या क्षणी दिसणारा रस्ता निम्म्याहून कमी झाला, वेग मात्र जुन्या उजेडाच्या हिशेबानेच चालू राहिला. लाइट पाडणे हे सौजन्य आहे, आणि ते अर्धेच काम आहे. समोरच्याच्या सोयीसाठी आपण स्वतःची नजर आखूड करतो. ती आखूड झाली तितका वेगही उतरवला नाही तर त्या सौजन्याची किंमत कडेने चालणारा माणूस भरतो. लाइट पाडायचा हात आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय एकत्र हलायला हवेत. वाहन शिकवताना हात शिकवला जातो, पाय नाही.

याचा अर्थ हाय बीम वाईट असा अजिबात नाही. रिकाम्या, अंधाऱ्या रस्त्यावर तो न लावणे हीसुद्धा चूक आहे, आणि ती फार सार्वत्रिक आहे. अमेरिकेत रस्त्यांवर केलेल्या निरीक्षणांत, समोर किंवा पुढे कोणी नसतानाही बहुतेक चालक लो बीमवरच जाताना आढळले आहेत. कोणी नसताना वर, कोणी आले की खाली, आणि खाली असेपर्यंत हळू. धुके असेल तर वरचा झोत धुक्यावरच आपटून परत येतो, तेव्हा लो बीमच. चढाच्या माथ्यावर आणि वळणावर समोरची गाडी दिसण्याआधी तिचा उजेड आकाशात किंवा झाडांवर दिसतो. लाइट पाडायची वेळ तीच.

अंतराचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत समोरून गाडी येत असेल तर ५०० फूट, म्हणजे सुमारे १५० मीटर. ऑस्ट्रेलियात २०० मीटर, समोरून येणाऱ्यासाठी आणि आपण ज्याच्या मागे आहोत त्याच्यासाठीही. या प्रकरणातल्या वेगाने १५० मीटर म्हणजे साडेतीन सेकंदही नाहीत. नियमातला आकडा ही शेवटची हद्द समजावी. मागून जातानाचा मुद्दा अनेकांच्या लक्षात येत नाही: समोरून येणारा काही सेकंदांत निघून जातो, आरशातला झोत मात्र पुढच्याला कित्येक किलोमीटर सोसावा लागतो.

आपोआप वर-खाली होणारे दिवे, किंवा समोरच्या गाडीपुरताच झोत कापणारे नवे एलईडी दिवे यांनी बराच फरक पडतो. अशा कापणाऱ्या झोताला अमेरिकेने २०२२ मध्ये परवानगी दिली. युरोपात तो त्याच्या बराच आधीपासून आहे. पण कॅमेरा समोरच्या गाडीचे दिवे ओळखतो. दिवा नसलेला, सायकल ढकलणारा माणूस त्याच्या हिशेबात येईलच असे नाही.

त्या माणसाच्या बाजूने

त्याला दोष देण्याची घाई होते, म्हणून थोडे त्याच्या जागी उभे राहून पाहू. दोन्हीकडून येणाऱ्या झोतांत त्याला स्वतःचे हातपाय लख्ख दिसत होते. ज्याला आपण उजेडात आहोत असे वाटते, त्याला आपण दिसतो आहोत असेच वाटणार. पादचारी आपण चालकाला किती लांबून दिसतो याचा अंदाज वास्तवापेक्षा फार जास्त बांधतात, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे.

त्याच्या सायकलच्या पायडलवर रिफ्लेक्टर होते. सायकल चालवताना ते वर-खाली होतात आणि त्या हालचालीवरून चालकाला लांबूनच “हा सायकलस्वार” हे कळते. ढकलताना पायडल स्थिर राहिले आणि ती ओळखच गेली. मागचा रिफ्लेक्टर स्वच्छ असता तर त्याने उजेड आला त्याच दिशेला परत फेकला असता, आणि शर्टाच्या कितीतरी आधी तो चमकला असता. रुमालाने एकदा पुसायचे काम होते. घोट्याला बांधायची चमकदार पट्टी त्याहून चांगली, कारण ती चालीबरोबर हलते आणि हलणारा पाय माणसाचाच असतो. पण हे सगळे त्याने केले नसते तरी त्याला जगण्याचा पूर्ण हक्क होता, आणि टनभराहून जड गाडी चालवणाऱ्यावर जबाबदारी जास्त, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तोच रस्ता, पुन्हा

निघताना ज्येष्ठ चालकांनी चाक पुस्तिकेप्रमाणे ३ वर ठेवले आणि काच आतून पुसली, असे समजा. ३०० मीटरवर लाइट पाडला तो खरोखर पडला. तरुणाच्या डोळ्यांवर काही आले नाही, त्याने अप्पर मारला नाही, हाय बीम लावला नाही. झोताची साखळी इथेच तुटते. पण साखळीची पुढची कडीही तपासू: समजा चाक ० वरच राहिले आणि तरुणाने हाय बीम लावलाच. समोरून लाइट मारल्याबरोबर ज्येष्ठांनी पाय उचलला, ब्रेकने वेग ५० वर आणला, नजर कडेच्या रेघेवर नेली. मुलगी ओरडली तेव्हा ४० मीटर होते आणि थांबायला ३५ लागत होते. किंवा तरुणाने सोसले, वेग उतरवला, लाइट खालीच ठेवला. ६७ मीटरवर झोत आपोआप डोळ्यांवरून गेला. तिघांपैकी कोणत्याही एकाच्या एका कृतीने धोका कमी झाला असता. त्या रात्री एकही झाली नाही, आणि मुलगी शेजारी जागी होती म्हणून निभावले.

आपल्या गाडीचे दिवे कसे आहेत हे पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही. सपाट जागी, भिंतीपासून बरोबर दहा मीटरवर गाडी भिंतीसमोर उभी करावी. चालकाच्या सीटवर कोणीतरी बसावे. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तितक्याच उंचीवर खडूने आडवी रेघ ओढावी. लो बीम लावला की उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटिमीटर खाली पडायला हवी. नेमका टक्का बहुतेक गाड्यांवर दिव्याजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. मग मागे तिघांना बसवून, डिकी भरून पुन्हा पाहावे. या प्रकरणातल्या गाडीत ती कड रेघेच्या साडेसात सेंटिमीटर वर गेलेली दिसली असती. चाक फिरवत ती रेघेखाली, ठरलेल्या जागी आणावी, आणि तो आकडा डॅशबोर्डवर कुठेतरी लिहून ठेवावा.